बालाघाटची माती आणि बांधावरचें झाड

जामखेडहून बीडच्या वाटेला लागलें कीं थोड्याच अंतरावर सौताडा हें गांव लागतें. तेथें विंचरणा नदी बालाघाटच्या पठारावरून दोनशें फुटांहून अधिक खोल दरींत उडी घेते, आणि दरीच्या तळाशीं रामेश्वराचें देऊळ आहे. पावसाळा ओसरल्यावर कोणी श्रोता त्या बाजूस गेला तर त्यानें धबधबा तर पाहावाच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. वर कांठावर कुसळी गवत, मधून मधून कमरेएवढी बोर, एखादा वाकडातिकडा हिवर. पायऱ्या उतरून खालीं गेलें, कीं उंबर, करंज यांची अशी दाट सावली कीं भर दोनप्रहरीं डोळ्यांना थंडावा वाटावा. वर पडतो तोच पाऊस खालीं पडतो, वर वाहतो तोच वारा. मग एक झाड माणसाच्या कमरेशीं थांबतें आणि दुसरें देवळाच्या कळसाला मागें टाकतें, हें कां?

शाळेंत शिकवीत असतां दरवर्षीं सहलीच्या वेळीं मुलांना मी हा प्रश्न विचारीत असें. मुलें म्हणत, ‘गुरुजी, खालीं पाणी आहे.’ उत्तर बरोबर, पण अर्धें. उरलेलें अर्धें मातींत आहे, आणि तें न ओळखल्यामुळें आमच्या या डोंगराळ मुलुखांत गेल्या दीडशें वर्षांत किती श्रम आणि किती रोपें वायां गेलीं, त्याची कांहीं हकीकत आज सांगावयाची आहे. वायां घालविणारांत मीहि एक होतों, हें आधींच सांगून टाकतों.

दख्खनचें पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या तप्त रसाच्या थरांनीं बनलें आहे, हें सर्वांनीं भूगोलाच्या पुस्तकांत वाचलेंच असेल. हरिश्चंद्रगडाकडून निघून नगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून आग्नेयेस गेलेली बालाघाटची रांग त्याच थरांची आहे. कांहीं थर काळ्या, घट्ट पाषाणाचे. कांहीं सच्छिद्र व ठिसूळ, ज्यांचा झिजून मुरूम होतो. डोंगराची कड दुरून जिन्यासारखी दिसते, ती यामुळेंच. पाषाणाच्या पायरीवर बीं पडलें तर मुळाच्या वांट्याला वीतभर माती येते आणि तिच्याखालीं भिंत. मुरमाच्या पायरीवर मूळ वाट काढीत जातें. मुरमांत जिरलेलें पाणी खालच्या पाषाणावर अडून जेथें बाहेर डोकावतें, तेथें वैशाखांतहि डोंगराच्या अंगावर एक हिरवी रेघ दिसते.

माथ्यावरची माती शतकानुशतकें पावसानें धुऊन पायथ्याशीं नेली आहे. म्हणून माथ्यावर बरड, उतारावर मुरमाड आणि सीनेच्या खोऱ्यांत काळी, असा हा क्रम लागतो. परंतु काळी माती म्हणजे झाडांचा स्वर्ग, अशी समजूत करून घेऊं नये. ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत कोवळीं मुळें तुटतात. पाणी सांचलें तर मुळें गुदमरतात, आणि चुनखडीशीं गांठ पडली तर कित्येक फळझाडांचीं पानें पिवळीं पडतात. बाभूळ मात्र या सगळ्याला पुरून उरते. उलट हिवराला आणि बोरीला मुरूमच मानवतो. मनुष्याप्रमाणें झाडांचाहि स्वभाव असतो, आणि तो बदलूं पाहणाराला पुढें पश्चात्ताप होतो.

आतां पावसाविषयीं. आमच्या तालुक्यांत वर्षाकांठीं पंचवीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण तो दोन हप्त्यांत येतो. मृग-आर्द्रांत थोडा, मग श्रावणांत ओढ, आणि भाद्रपद-आश्विनांत पुन्हां जोराचा. जुलैंत लावलेलें रोप ऑगस्टच्या उघडींपींत माना टाकतें. त्यांतून वांचलें तर सप्टेंबरांतील एखाद्या धुवांधार सरीनें त्याच्या बुंध्याची माती निघून जाते. पुढें सात-आठ महिने आभाळ कोरडें. यामुळें येथील जुनीं झाडें पानें टाकून उन्हाळा काढतात. त्यांना वाढीची घाई नसते. तग धरणें एवढेंच त्यांचें ध्येय.

या जिल्ह्याला २०२४ सालापासून चौंडीच्या लेकीचें, अहिल्यादेवींचें, नांव मिळालें आहे. आणि चौंडी हें गांव आमच्याच जामखेड तालुक्यांतलें. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला अकोले तालुका आहे. तेथें ५,४०० फूट उंचीचें कळसूबाईचें शिखर आहे, आणि घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पाऊस दीडशें-दोनशें इंचांच्या घरांत जातो. एकच जिल्हा, एकच काळा पाषाण. पण तेथें हिरडा, जांभूळ, ऐन यांचें रान. तेथील डोंगरकऱ्याची शेतीहि झाडांशीं बांधलेली होती. झाडांचे टहाळे तोडून, वाळवून, भाताच्या रोपांच्या जागेवर पसरून ते जाळावयाचे, याला राब म्हणतात. राखेनें जमिनीला कस येतो आणि तणाचें बीं मरतें. टहाळे तोडलेलें झाड पुढच्या पावसांत पुन्हां पालवतें, कारण पाऊस तसा आहे. हीच रीत कोणी जामखेडच्या माथ्यावर चालविली असती तर तीन वर्षांत डोंगर बोडका झाला असता. म्हणून मला असें वाटतें कीं, ‘डोंगरावर झाडें लावा’ हा उपदेश कोणता डोंगर, हें विचारल्यावांचून करूंच नये.

आमच्या वडीलधाऱ्यांना हें ज्ञान पुस्तकांतून मिळालें नव्हतें. तें त्यांच्या बोलण्यांत, वागण्यांत आणि गांवांच्या नांवांतहि होतें. आमच्या तालुक्यांतील पिंपरखेड, आपटी, मोहा हीं नांवें ऐकतांच झाड डोळ्यांपुढें येतें. आणि बांधखडक हें नांव ऐकलें कीं जमिनीची जातच कळते. काळ्या रानांत आमचे लोक रामकाठी बाभूळ राखीत. साध्या बाभळीसारखी ती फांद्या पसरीत नाहीं. सुरूसारखी सरळ वर जाते, त्यामुळें तिची सावली ज्वारीला बाधत नाहीं. औत, कुळव, पाभर, गाडीचीं चाकें, सारें तिच्या लांकडाचें. शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, साल कातडें कमावणाराला. बांधावर लिंब, जेथें माती जाड तेथें चिंच, आणि मुरमाड माळावर बोर. कोणी लावा असें सांगितलेलें नव्हतें. आपोआप आलेलीं रोपें नांगरतांना चुकवावयाचीं, एवढाच त्या वनीकरणाचा खर्च.

राज्यकर्त्यांनाहि या झाडांचें मोल कळत होतें. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रांत, जें रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध आहे, त्यांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याविषयीं एक कलम आहे. आंबा, फणस यांसारखीं झाडें एक-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें जतन केलेलीं असतात, सबब त्यांना हात लावूं नये. अगदीं जीर्ण झाड घेणें भाग पडलें तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावें, असा त्याचा आशय आहे. झाडाला काळ लागतो, ही गोष्ट त्या राज्यकर्त्यांनीं हिशेबांत धरली होती.

इंग्रजी अमलांत हा हिशेब निराळा झाला. १८७८ च्या जंगल कायद्यानें डोंगरांच्या हद्दी आंखल्या गेल्या. गांवकरी जेथून गवत, सरपण आणि औताचें लांकूड आणीत, तेथें आंत पाऊल टाकणें गुन्हा ठरलें, आणि चुकून शिरलेलीं जनावरें कोंडवाड्यांत जाऊं लागलीं. आमच्या तालुक्याची आणखी एक मौज अशी कीं, त्याच्या सभोंवार निजामाचा मुलूख पसरलेला होता, गांवांत गांवें मिसळलेलीं. १७९५ च्या मार्चांत खर्ड्याच्या रणांत मराठ्यांनीं निजामाला नमविलें, तरी ही सरहद्द पुढें १९४८ पर्यंत कायम राहिली. एकच डोंगर, पण अलीकडच्या उतारावर एक कायदा आणि पलीकडच्या उतारावर दुसरा! मातीला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. ती दोन्ही बाजूंनीं सारखीच वाहून जात राहिली.

या काळांत एका माणसानें मूळ दुखण्यावर बोट ठेवलें. १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरील झाडांचा पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर खालीं येऊन शेतांना आपोआप खत मिळत असे, तें कसें बंद झालें, हें त्यांनीं त्यांत दाखविलें आहे. आणि जागोजाग तालीं व बंधारे अशा बेतानें घालावे कीं पाणी आधीं शेतांत मुरावें आणि मग ओढ्यानाल्यांस मिळावें, अशी सूचनाहि केली आहे. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. त्यांनीं तो डोळ्यांनीं पाहिला होता. आज आपण ज्याला पाणलोटविकास म्हणतों तो याहून निराळा काय आहे? माथ्यावरचें रान आणि पायथ्याचें शेत हें एकच शरीर आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. सरकारनें मात्र रान एका खात्याकडे आणि शेत दुसऱ्या खात्याकडे दिलें. पुढें १९४२ सालीं मुंबई सरकारनें जमीन सुधारणेचा कायदा करून शेतांत बांध घालण्याचें काम हातीं घेतलें. पण डोंगराचा माथा उघडाच राहिला.

आतां माझ्या आठवणींतील गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशीं आमची पांच एकर जमीन होती. वरची पट्टी मुरमाड आणि खालचा कोपरा काळा. त्या कोपऱ्यांत आजोबांच्या वेळच्या सात रामकाठी बाभळी होत्या. १९७० पासून पाऊस हुलकावण्या देऊं लागला आणि १९७२ सालीं त्यानें पाठच फिरविली. मी तेव्हां बारा-तेरा वर्षांचा होतों. आई आणि वडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात आणि आम्हां मुलांना तेथें सुकडी मिळे. बैलांसाठीं लिंबाचा, पिंपळाचा पाला संपला, तेव्हां वडिलांनीं बाभळींना हात घातला. पांच बाभळी गेल्या. कुऱ्हाड चालवितांना ते एक अक्षर बोलले नाहींत. फक्त प्रत्येक झाड पडल्यावर त्याच्या बुंध्यावर मूठभर माती टाकीत. त्या लांकडाच्या पैशांवर आमचें घर आणि एक बैल वांचला. बांधावरचें झाड ही शेतकऱ्याची पेढी आहे, हें मला त्या वर्षीं समजलें. पेढींतले पैसे काढल्यावर ते पुन्हां भरावे लागतात, हें समजण्यास मात्र उशीर झाला.

पाऊस सुधारल्यावर वडिलांनीं उरलेल्या दोन बाभळींचें बीं गोळा करून सबंध रानाच्या बांधांवर टोकलें. बीं एक, वर्ष एक, हात एक. काळ्या कोपऱ्यांतलीं रोपें कांहीं वर्षांत घराच्या आढ्यापर्यंत गेलीं. मुरमाड पट्टींतलीं शेळीच्या पाठीएवढीं होऊन थांबलीं, तीं थांबलींच. वडील म्हणत, ‘तिची जागा नव्हे ती.’

याच काळांत जामखेडांत एक निराळें काम उभें राहत होतें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें येथें ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, हें पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु त्या आरोग्यकार्यांत झाडांनाहि जागा होती, हें कमी लोकांना ठाऊक आहे. पोटांत अन्न नसेल आणि विहिरींत पाणी नसेल तर औषध काय करणार, हा त्यांचा विचार. गांवोगांवच्या शेतकरी मंडळांनीं आणि महिला मंडळांनीं बांधबंदिस्ती केली, लाखों झाडें लावलीं. गांवाची निकड गांवानेंच ठरवावी, ही त्यामागची रीत होती, आणि माझ्या मतें तेंच त्या झाडांचें खरें खत.

आमच्या शाळेंत मात्र झाडें वरून येत. १९८४ च्या पावसाळ्यांत मी नवखा शिक्षक होतों. सुबाभळीची तेव्हां मोठी लाट होती. मेक्सिकोकडचें हें झाड. पाला जनावरांना, लांकूड सरपणाला आणि मुळांच्या गांठींतून जमिनीला नत्र. चांगल्या, खोल जमिनींत तें खरोखर भराभर वाढतें. त्यांत खोटें कांहीं नव्हतें. शाळेला पांचशें रोपें मिळालीं आणि गांवामागच्या टेकडीच्या माथ्यावर तीं लावावीं असा हुकूम झाला. मुलांनीं दोन दिवस खपून खड्डे खणले. बहुतेक ठिकाणीं फूटभर गेल्यावर टिकाव पाषाणावर वाजे आणि ठिणगी उडे. एक म्हातारा मेंढपाळ बाजूला काठी टेकून पाहत होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, झाड लावताय का पुरताय?’ मुलें हंसलीं. मीहि हंसलों, आणि पुढचा खड्डा घ्यावयास सांगितला.

होळीपर्यंत चारशेंहून अधिक रोपें वाळलीं. उरलेलीं शेळ्यांनीं खाल्लीं, कारण सुबाभळीचा पाला शेळीला मिठाईसारखा लागतो. मार्चअखेर एक तक्ता भरावयाचा होता: लावलीं किती, जगलीं किती. मीं पहिल्या रकान्यांत पांचशें लिहिलें आणि दुसऱ्यांत साडेचारशें. कोणी तपासावयास आलें नाहीं. त्या साडेचारशें झाडांची सावली आजहि कोठल्या तरी दप्तरांत पडलेली असेल. मुलांना खरें बोलावें असें शिकविणारा मी, पण त्या टेकडीवरून त्यांना घेऊन जातांना पुढें कित्येक वर्षें मीं वाट बदलली. त्याच सुमारास एक सूक्ष्म किडा सुबाभळीवर पडूं लागला. १९८८ च्या आसपास तो भारतांत पोंचला होता, आणि मग ती लाट आपोआप ओसरली.

पण त्या टेकडीची गोष्ट येथें संपत नाहीं. आम्हीं खणलेल्या खड्ड्यांच्या ओळींत, दगडांच्या फटींत, कोणीहि न लावलेलीं सीताफळें उगवलीं. बालाघाटाच्या अंगावर सीताफळ जेवढें माजतें तेवढें क्वचितच दुसरें झाड माजत असेल. शेजारच्या बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. आणि गंमत अशी कीं, हेंहि मूळचें परदेशीच. अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या मार्फत तें आपल्याकडे आलें, असें बहुतेक जाणकार मानतात. मग परदेशी सुबाभूळ हरली आणि परदेशी सीताफळ कां टिकलें? सीताफळाला खोल माती लागत नाहीं. पाण्याचा निचरा होणारा मुरूम त्याला आवडतो. उन्हाळ्यांत तें पानें टाकून निजतें आणि पाऊस येतांच फुलोऱ्यासह जागें होतें. त्याच्या कडवट पाल्याला शेळी तोंड लावीत नाहीं. देशी-परदेशी हा वाद माणसांचा आहे. डोंगर एवढेंच विचारतो: किती मातींत भागवाल, किती महिने तहान सोसाल आणि शेळीपासून कसे वांचाल?

या तीन प्रश्नांचीं उत्तरें एका गांवानें कशीं दिलीं तें पाहण्यासाठीं सेवानिवृत्तीनंतर मी नगर तालुक्यांतील हिवरे बाजार येथें गेलों. तेथें आमच्याहूनहि कमी पाऊस. १९८९ नंतर त्या गांवानें राळेगणसिद्धीच्या वाटेनें चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य केली आणि डोंगरउतारावर समपातळींत सलग चर खणले. मला विशेष वाटलें तें हें कीं, आधीं झाड आलें नाहीं. आधीं गवत आलें. गवतानें माती धरली, मातीनें ओल धरली, मग विहिरींना पाणी चढलें आणि त्या ओलीवर झाडें उठलीं, पुष्कळशीं आपली आपण. गुरें डोंगरावर सोडावयाचीं नाहींत, गवत विळ्यानें कापून घरीं न्यावयाचें, हा नियम गांवानें स्वतः केला आणि स्वतः पाळला. चराचा उपयोगहि तेथें नीट ध्यानांत येतो: उतारावरून पळणारें पाणी थांबतें, त्याबरोबर येणारा गाळ थांबतो, आणि जेथें वीतभर माती होती तेथें कांहीं वर्षांत हातभर होते. सौताड्याच्या दरीनें जें हजारों वर्षांत केलें, तें येथें माणसांनीं एका पिढींत थोडेंफार करून दाखविलें.

परत आल्यावर मीं एक पहार घेतली आणि चाळीस वर्षांनीं त्या टेकडीवर चढलों. बरोबर माझा नातू होता. पहार मारावयाची आणि आवाज ऐकावयाचा. खणखणली तर पुढें सरकावयाचें, धप्प वाजली तर थांबावयाचें. सबंध सकाळींत तीन ठिकाणीं ती हातभर खालीं गेली. तीनहि जागा उत्तरेकडच्या अंगाला होत्या, जेथें उन्हाळ्याचें ऊन कमी लागतें आणि मुरमाचा पट्टा उघडा पडलेला आहे. तेथें आम्हीं दगड मांडून खूण केली. गेल्या आषाढांत दोन ठिकाणीं हिवराचें आणि एके ठिकाणीं लिंबाचें बीं टोकलें, भोंवतीं बोरीच्या काट्यांचें कुंपण केलें, आणि खालच्या बाजूनें दगडांची हातभर ताल घातली. दिवाळीनंतर पाहिलें तेव्हां एक हिवर आणि लिंब उभे होते. दुसरा हिवर उंदरांनीं नेला. नातवानें वहीवर तारीख घालून लिहिलें: लावलीं तीन, जगलीं दोन.